प्रिंटरची शाई नगावर नको, मापावर विकली जावी : वैध मापन शास्त्र यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
मा. नियंत्रक, वैध मापन शास्त्र, महाराष्ट्र राज्य, मुंबई
आणि
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : घरगुती प्रिंटरच्या कार्ट्रिजवर शाईचे प्रमाण मिलिलिटरमध्ये आणि छापल्या जाणाऱ्या पानांची संख्या नमूद करणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

सोलापुरात नवी पेठेतल्या संगणकाच्या दुकानात साडेतीन-चार हजार रुपयांत छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स अशी तिन्ही कामे करणारा इंकजेट प्रिंटर मिळतो. त्याच प्रिंटरचे काळ्या शाईचे कार्ट्रिज नऊशे रुपयांच्या आसपास आणि रंगीत कार्ट्रिज हजार-अकराशेच्या घरात जाते. दोन्ही कार्ट्रिज एकदा बदलली की प्रिंटरच्या निम्म्याहून अधिक किंमत पुन्हा मोजलेली असते आणि दुसऱ्यांदा बदलली की नव्या प्रिंटरएवढे पैसे नुसत्या शाईत गेलेले असतात. जून-जुलैत शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की हा खर्च घरोघरी जाणवू लागतो. मग कुणी प्रिंटर कपाटावर ठेवून देतो, कुणी जुना मोडीत काढून नवाच विकत आणतो, कारण नव्यासोबत कार्ट्रिज येतातच.

कंपन्यांनी किंमत किती ठेवावी हे सरकारने ठरवावे, अशी माझी मागणी नाही. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि पुढे वर्षानुवर्षे लागणाऱ्या मालावर नफा मिळवायचा ही व्यापाराची पद्धत जगभर आहे आणि ती बेकायदा नाही. परंतु ज्या मालावर नफा मिळवायचा तो माल किती आहे हे ग्राहकाला सांगितलेच जात नसेल, तर तो प्रश्न किमतीचा राहत नाही, मापाचा होतो. मापाचा प्रश्न आपल्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र आपणांस लिहीत आहे.

कार्ट्रिजचे खोके हातात घेऊन त्यावरचा मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचावा अशी माझी आपणांस विनंती आहे. आयात करणाऱ्या कंपनीचे नाव व पत्ता असतो, मूळ देश असतो, महिना आणि वर्ष असते, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत असते, ग्राहक सेवेचा दूरध्वनी क्रमांकही असतो. निव्वळ परिमाणाच्या जागी मात्र मी पाहिलेल्या खोक्यांवर ‘1 नग’ एवढेच छापलेले आहे. आतमध्ये तीन मिलिलिटर शाई आहे, आठ आहे की अठरा, याचा त्या खोक्यावर कोठेही उल्लेख नाही. काही कंपन्या काही कार्ट्रिजवर मिलिलिटर छापतात, त्यामुळे ते छापणे शक्य आहे हेही उघड आहे.

वैध मापन शास्त्र अधिनियम, 2009 आणि त्याखालील आवेष्टित वस्तू नियम, 2011 यांचा गाभाच असा आहे की बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या मालाचे निव्वळ परिमाण ग्राहकाला पाकीट न उघडता कळले पाहिजे. घन पदार्थ वजनाने, द्रव पदार्थ आकारमानाने आणि जे खरोखर मोजून विकले जाते ते नगाने. कार्ट्रिज नगाने विकले जाते हे खरे, पण ग्राहक ते प्लॅस्टिकच्या डबीसाठी घेत नाही, आतल्या द्रवासाठी घेतो. तो द्रव संपला की डबी फेकली जाते. अलीकडच्या दुरुस्तीने आपण पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिलिलिटर दर, छापणे आवश्यक केले, आणि ती दुरुस्ती ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण लहान पाकीट स्वस्त की मोठे हे आता किराणा दुकानाच्या फळीसमोर उभे राहूनच समजते. परंतु जेथे एकक किंमत आणि किरकोळ किंमत एकच असते तेथे ती वेगळी छापण्याची गरज नाही, अशी त्यात सवलत आहे. परिमाण ‘1 नग’ म्हटले की एका नगाची किंमत हीच एकक किंमत ठरते. ज्या वस्तूच्या बाबतीत या दुरुस्तीचा सर्वाधिक उपयोग झाला असता, तीच वस्तू या एका शब्दामुळे तिच्यातून सुटली आहे.

आत किती शाई असते हे पाहण्यासाठी मी एक साधा उपाय केला. परिचयातल्या एका सराफांच्या काट्यावर, जो आपल्याच निरीक्षकांनी पडताळणी करून मुद्रांकित केलेला आहे, काळ्या शाईचे एक नवे कार्ट्रिज वेष्टन काढून तोलले आणि ते पूर्ण वापरून झाल्यावर, म्हणजे प्रिंटरने ते रिकामे ठरवल्यावर, पुन्हा तोलले. दोन्ही वजनांतला फरक पाच ग्रॅमच्या आसपास भरला. प्रिंटरची शाई बहुतांश पाणीच असते, त्यामुळे पाच ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने पाच मिलिलिटर धरायला हरकत नाही; खोकल्याच्या औषधाचा एक चमचा भरतो तेवढी ती शाई. नऊशे रुपयांना पाच मिलिलिटर म्हणजे मिलिलिटरला एकशे ऐंशी रुपये आणि लिटरला एक लाख ऐंशी हजार रुपये होतात. हा आकडा मी कंपनीला दोष देण्यासाठी मांडत नाही. तो काढण्यासाठी एका ग्राहकाला सराफाच्या दुकानात जावे लागते, हे आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून मांडतो आहे.

याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. स्वस्त प्रिंटरच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये नुसती शाई नसते. शाई कागदावर फेकणारी अतिसूक्ष्म छिद्रांची पट्टी आणि प्रत्येक छिद्रामागे शाईला क्षणार्धात तापवून बुडबुडा निर्माण करणारी विद्युत रचना कार्ट्रिजच्याच तळाशी बसवलेली असते, त्यामुळे कार्ट्रिज बदलले की छपाईचे डोके नवे मिळते. त्या रचनेला पैसे पडतात, संशोधनालाही पडतात. पण याच कंपन्या आता टाकीचे प्रिंटर विकतात, ज्यात बाटलीतून शाई ओतायची असते. एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात असा प्रिंटर आणला आणि पुढे कॅनन, एचपी, ब्रदर या सर्वांनी तो मार्ग धरला. या प्रिंटरच्या काळ्या शाईची पासष्ट-सत्तर मिलिलिटरची बाटली बाजारात साडेतीनशे-चारशे रुपयांना मिळते आणि तिच्यात चार हजारांवर पाने निघतात असे कंपनीच सांगते. म्हणजे तेथे दर मिलिलिटरला पाच-सहा रुपये पडतो आणि पानाला दहा पैसे. बाटलीवर मिलिलिटर छापलेले असते. द्रव बाटलीत असला की मापाने आणि डबीत असला की नगाने, हा भेद कायद्याने चालू ठेवण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

हे माप दोन्ही खोक्यांवर असते तर ग्राहकाने खरेदीच्या वेळीच हिशेब केला असता. टाकीचा प्रिंटर दहा-बारा हजारांना पडतो, त्यामुळे दुकानात शेजारी ठेवलेला चार हजारांचा प्रिंटर मध्यमवर्गीय माणसाला परवडणारा वाटतो. महिन्याला दहा पाने छापणाऱ्या घराला तो कदाचित परवडतही असेल. पन्नास-साठ पाने छापणाऱ्या घराला तो परवडत नाही, हे कळायला मात्र पहिले कार्ट्रिज संपावे लागते आणि तोपर्यंत प्रिंटर परत घेण्याची मुदत निघून गेलेली असते.

आमच्या कॉलनीत एक ताई घरी शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकतात. सोलापुरात असे शेकडो घरगुती उद्योग आहेत आणि त्यांच्या पाकिटावरची चिठ्ठी पुष्कळदा घरच्याच प्रिंटरवर छापली जाते. ए-फोर आकाराच्या चिकट कागदावर बारा चिठ्ठ्या बसतात. प्रत्येकीवर चटणीचे नाव, घटक, अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक, तयार केल्याची तारीख, किंमत आणि निव्वळ वजन 200 ग्रॅम. त्यांनी चिठ्ठीची पट्टी तिखटाच्या रंगाची, लालभडक ठेवली आहे. प्रिंटर लाल रंग मॅजेंटा आणि पिवळा मिसळून तयार करतो, त्यामुळे ते दोन रंग लवकर संपतात आणि निळ्या सायनचा कप्पा बराचसा भरलेला राहतो. तिन्ही रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असल्यामुळे ते तसेच टाकून नवे आणावे लागते. प्रत्येक कप्प्यात किती मिलिलिटर होते, त्यातले किती वापरले आणि किती टाकले, हे त्या ताईंना सांगणारे कोणीही नाही. त्यांच्या पाकिटात चटणी वीस ग्रॅम कमी भरली तर आपले निरीक्षक त्यांच्यावर कारवाई करू शकतात, आणि ती केली पाहिजे, कारण ते ग्राहकाच्या हिताचे आहे. ज्या शाईने त्या स्वतःच्या मालाचे वजन छापतात, त्या शाईचे माप जाणून घेण्याचा हक्क मात्र त्यांना नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे. त्यातला ‘प्रमाण’ हा शब्द कार्ट्रिजलाही लागू व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

नुसते मिलिलिटर छापल्याने काम पूर्ण होणार नाही, हेही मला मान्य आहे. एक यंत्र तेवढ्याच शाईत जास्त पाने काढते, दुसरे कमी. म्हणून पानांची संख्याही हवी, आणि ती मोजण्याची आंतरराष्ट्रीय रीत ठरलेली आहे. इंकजेट कार्ट्रिजसाठी आयएसओ/आयईसी 24711 आणि काळ्या टोनरसाठी, म्हणजे लेझर प्रिंटरमध्ये शाईऐवजी वापरल्या जाणाऱ्या पुडीसाठी, आयएसओ/आयईसी 19752 ही मानके आहेत, ज्यांत ठरावीक नमुन्याची पाने सलग छापून सरासरी काढली जाते. कंपन्या या चाचण्या करतात आणि त्यांचे आकडे स्वतःच्या संकेतस्थळावर देतातही, पण दुकानात खोके हाती घेणाऱ्या माणसाला ते तेथे दिसत नाहीत. स्वस्त प्रिंटरच्या लहान कार्ट्रिजसाठी हा आकडा शंभर-सव्वाशे पाने इतकाच असतो. नऊशे रुपयांना सव्वाशे पाने म्हणजे पानाला सात रुपयांहून अधिक, आणि त्यात कागद धरलेला नाही. आमच्या सात रस्ता चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात तेवढ्यात पान छापून मिळते आणि प्रिंटर विकत घ्यावा लागत नाही.

त्यातही ही चाचणी सलग छपाईवर आधारलेली आहे आणि घरात छपाई सलग होत नाही. आठवडाभर प्रिंटर बंद राहिला की छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकते, म्हणून सुरू होताना यंत्र थोडी शाई ओढून छिद्रे साफ करते आणि ती शाई आतल्या स्पंजसारख्या पट्टीत जाते. सोलापूरचा एप्रिल-मे तर आपणांस ठाऊकच आहे. पारा त्रेचाळीस अंशांच्या वर गेला आणि हवा कोरडी झाली की पंधरा दिवस पडून असलेला प्रिंटर दोन-तीनदा सफाई केल्याशिवाय धड ओळ उमटवत नाही, आणि प्रत्येक सफाईत विकत घेतलेल्या पाच मिलिलिटरपैकी काही भाग कागदावर न येताच संपतो. पुढे ती पट्टी भरली असे यंत्राच्या मोजणीने ठरले की काही प्रिंटर छपाईच थांबवतात आणि सेवा केंद्राकडे जायला सांगतात. ही तंत्राची गरज आहे, त्यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. मात्र खोक्यावर पानांची संख्या छापताना, अधूनमधून छपाई केल्यास ही संख्या कमी भरेल, असे एक वाक्य तिच्याखाली छापणे प्रामाणिकपणाचे होईल.

आता कुलपाविषयी. अनेक कार्ट्रिजवर एक लहानशी चिप असते, जी शाईचा अंदाज ठेवते आणि कार्ट्रिज त्याच कंपनीचे आहे की नाही हेही प्रिंटरला कळवते. सप्टेंबर 2016 मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी इतर उत्पादकांची कार्ट्रिज, जी आदल्या दिवसापर्यंत चालत होती, एकाएकी नाकारली, आणि ग्राहकांच्या रोषानंतर कंपनीला खुलासा व दिलगिरी व्यक्त करावी लागली. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर 2020 मध्ये याच कंपनीला 1 कोटी युरोचा दंड केला. त्यातले एक कारण असे होते की इतर कार्ट्रिज चालणार नाहीत ही मर्यादा ग्राहकाला विकत घेताना नीट सांगितली गेली नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की एकदा कार्ट्रिज विकले की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो आणि ते पुन्हा भरून विकणाऱ्याला पेटंटच्या आधारे अडवता येत नाही. 2022 च्या जानेवारीत जगभर चिपचा तुटवडा झाला, तेव्हा कॅननला कार्यालयीन यंत्रांचे टोनर चिपशिवाय पुरवावे लागले, आणि यंत्र इशारा देईल पण तो बाजूला सारून छपाई चालू ठेवता येते, हे जर्मनीतल्या ग्राहकांना कंपनीनेच समजावून सांगितले. चिपशिवाय छपाई होऊ शकते हे त्यावरून सर्वांच्या समोर आले.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ ग्राहकाचा नाही. सोलापुरात कार्ट्रिज भरून देणारी, टोनरची पूड बदलून देणारी लहान दुकाने आहेत. सुईने काळजीपूर्वक शाई भरायची, तळाची पट्टी ओल्या कापडावर टेकवून शाई उतरते का ते पाहायचे आणि मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे, असे हे कौशल्याचे काम आहे. दोन-तीनशे रुपयांत ते काम होते, एक कार्ट्रिज पुन्हा पुन्हा वापरले जाते आणि एका कुटुंबाचे पोट भरते. इंटरनेटवरून प्रिंटरमध्ये आपोआप उतरणाऱ्या एका बदलाने भरलेली कार्ट्रिज चालेनाशी झाली, तर गिऱ्हाईक त्या दुकानदारालाच दोष देते. केंद्राने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली, ही चांगली सुरुवात होती. प्रिंटरचे नाव त्या यादीत स्पष्टपणे यावे, अशी माझी ग्राहक व्यवहार विभागास विनंती आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम, 2022 च्या अनुसूचीत ‘कार्ट्रिजसह प्रिंटर’ असा स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणजे फेकून देताना कार्ट्रिज महत्त्वाचे आहे हे शासनाने मान्य केलेलेच आहे. प्रत्यक्षात ते आमच्याकडे ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत जाते, आणि ते भरून वापरणे हा सर्वांत सोपा उपाय असताना चिप त्यालाच आडवी येते.

म्हणून माझे मागणे असे आहे. आवेष्टित वस्तू नियमांत दुरुस्ती करून किंवा स्पष्टीकरणात्मक परिपत्रक काढून, कार्ट्रिजमधील शाई मिलिलिटरमध्ये आणि टोनरची पूड ग्रॅममध्ये छापणे बंधनकारक करावे, रंगीत कार्ट्रिजवर ती प्रत्येक रंगाची वेगळी छापावी, आणि एकक विक्री किंमत त्या मापावर काढावी. पानांची संख्या आयएसओच्या मानकाप्रमाणे, मानकाच्या क्रमांकासह, किमतीशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत असावी. ई-व्यापाराच्या संकेतस्थळांना पाकिटावरचा अनिवार्य मजकूर वस्तूच्या पानावर दाखवण्याचे बंधन आधीपासून आहेच, त्यामुळे हे आकडे तेथेही आपोआप येतील. प्रिंटर इतर कंपन्यांची किंवा पुन्हा भरलेली कार्ट्रिज नाकारत असेल, किंवा पुढे नाकारू शकत असेल, तर ते प्रिंटरच्या खोक्यावर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत स्पष्ट लिहिलेले असावे. ते लपवून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्वतःहून दखल घ्यावी. तसा अधिकार 2019 च्या अधिनियमाने त्याला दिलेला आहे.

यातले नियम बदलण्याचे काम दिल्लीचे आहे हे मी जाणतो. परंतु राज्याच्या नियंत्रकांना तोपर्यंत थांबण्याची गरज नाही. बाजारातली कार्ट्रिज नमुन्यादाखल घेऊन, प्रयोगशाळेत त्यांतील शाई मोजून, कोणत्या कार्ट्रिजमध्ये किती मिलिलिटर मिळाले हे आपल्या यंत्रणेने प्रसिद्ध केले, तर नियम होण्यापूर्वीच ग्राहकाच्या हाती खरा आकडा येईल आणि केंद्राकडे शिफारस पाठवताना आपल्याजवळ पुरावाही राहील. सोने तोलणाऱ्या काट्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सर्वांची तपासणी करणाऱ्या यंत्रणेला हे काम अवघड नाही.

नव्या प्रिंटरसोबत येणाऱ्या कार्ट्रिजचाही त्यात समावेश करावा. ती पुष्कळदा बाजारात मिळणाऱ्या कार्ट्रिजपेक्षा कमी भरलेली असतात, आणि ‘शाईसह’ असे लिहिलेल्या प्रिंटरच्या खोक्यावर त्या शाईचे प्रमाण दिलेले नसते. मी तोललेल्या कार्ट्रिजची वजने, खोक्यांची छायाचित्रे आणि खरेदीच्या पावत्या मजजवळ आहेत. आपल्या सोलापूर येथील कार्यालयाने सांगितल्यास त्या तेथे समक्ष सादर करीन. या पत्रावर कोणती कार्यवाही झाली ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक
जुळे सोलापूर, सोलापूर

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली